डिंभ्याला आणखी एक पुतळा नको, शिल्पबाग द्या!

शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेला. जुन्नर-आंबेगावकडे पर्यटक वाढणार, पाठोपाठ निधी आणि 'सुशोभीकरण'ही येणार. हा पैसा जाणार कुणाकडे? कंत्राटदाराकडे, की इथल्याच हातांकडे? डिंभे धरणाच्या काठावर शिल्पबाग उभी राहू शकते. पण ती नेमकी कशी हवी, याचा हिशोब आधीच मांडून ठेवायला हवा.

एक छोटा प्रश्न. गुगल न करता उत्तर द्यायचं. तुम्ही रोज ज्या चौकातून कॉलेजला जाता, तिथला पुतळा कुणाचा आहे हे तुम्हाला माहितीच आहे. पण तो घडवला कुणी?

नाही ना सांगता येत? टेन्शन घेऊ नका, आमच्या पत्रकारितेच्या वर्गातही कुणाला सांगता आलं नाही. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याच्यासमोर आपण सेल्फी काढतो, शिवजयंतीला गर्दी करतो. तो १९२८ साली उभा राहिला आणि तो घडवला विनायक पांडुरंग करमरकरांनी. अलिबागजवळच्या सासवण्याचे हे शिल्पकार. त्यांच्या घरात आज त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. अलिबागला बीचवर जाणारे आपल्यातले किती जण तिथे डोकावतात?

आता उलटा प्रश्न. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा आठवतोय? २०२३ च्या नौदल दिनाला त्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. त्या शिल्पकाराचं नाव मात्र एका संध्याकाळीत राज्यभर पोचलं. म्हणजे पुतळा उभा असेपर्यंत कलाकार कुणाच्या गावीही नसतो. पुतळा पडला की तो हेडलाइनमध्ये येतो.

या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आपल्या राज्यातल्या शेकडो कलाकारांचं आयुष्य चाललंय. एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळवलेला तुमच्या शाळेतला तो मित्र आठवतोय? बहुतेक आता तो कुठेतरी फ्लेक्स डिझाइन करत असेल, नाहीतर चित्रकला शिक्षकाची जागा निघायची वाट बघत असेल. त्याच्यासाठी काही करायचं असेल, तर एक जागा डोळ्यांसमोर येते: आंबेगाव तालुक्यातलं डिंभे.

डिंभेच का?

मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरला गेला असाल, तर डिंभ्यावरून गेलाच आहात. घोड नदीवरचं हे धरण कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक. साठवण क्षमता साधारण साडेतेरा टीएमसी. त्याच्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर ते आडवे झाले आणि ट्रक अंगावरून गेला. तेव्हा त्यांचं वय होतं २२. म्हणजे तुमच्या-माझ्याएवढंच.

ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं गाव आज याच पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या देवळांचे दगडी अवशेष वर येतात आणि लोक ते बघायला जातात. थोडं वर गेलं की माळीण. ३० जुलै २०१४ च्या दरड दुर्घटनेत तिथे १५१ जणांचा जीव गेला. आठवणींचं एवढं ओझं असलेला मुलूख, आणि त्या आठवणींना आकार देणारी जागा मात्र जवळपास नाही.

दुसरं कारण रस्त्याचं. भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. श्रावणात आणि महाशिवरात्रीला या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. हे लोक डिंभ्यात थांबतात कशाला? धरणाचा फोटो काढायला आणि चहाला. पाच मिनिटांत गाडी पुढे.

तिसरं कारण ताजं. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. शेजारच्या जुन्नरचा शिवनेरी त्यात आहे. त्याआधी २०१८ मध्ये जुन्नरला राज्य सरकारने पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलंच होतं. आता या सगळ्या पट्ट्यात आराखडे बनतील. आराखडा म्हटलं की आपल्याकडे काय येतं, हे सांगायला नको: स्वागत कमान, रंगीत पेव्हर ब्लॉक, 'आय लव्ह' लिहिलेली अक्षरं आणि एखादा भव्य पुतळा. तो येण्याआधीच बोललेलं बरं.

आपल्याला हे नवीन नाही

'शिल्पबाग म्हणजे काहीतरी फॉरेनची आयडिया' असं कुणी म्हणालं, तर त्याला नाणेघाटात घेऊन जा.

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या या घाटाच्या माथ्यावर सातवाहनांच्या काळातलं लेणं आहे. राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख तिथे आहे, त्यात यज्ञांची आणि दानांची मोठी यादी आहे. ट्रेकर मंडळींना हे माहीत असतं. पण मागच्या भिंतीकडे किती जण बघतात? तिथे एकेकाळी सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या आठ प्रतिमा कोरलेल्या होत्या. राजा सिमुक, राणी नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार. प्रत्येकाच्या डोक्यावर नावाची पाटी. आज मूर्ती नाहीत, नावं मात्र वाचता येतात. दोन हजार वर्षांपूर्वी, भर व्यापारी रस्त्यावर, येणारा-जाणारा बघेल असं प्रतिमागृह आपल्याकडे होतं.

जुन्नरच्या लेण्यांमध्ये आणखी एक मजेशीर गोष्ट सापडते. लेणी फक्त राजांच्या पैशाने झाली नाहीत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्या काळातल्या संघटनेने, लेणं आणि पाण्याची टाकी दान दिल्याचा लेख तिथे आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचेही उल्लेख आहेत. यवन दात्यांची नावंसुद्धा आहेत. थोडक्यात, हे त्या काळातलं क्राउडफंडिंगच म्हणा ना.

दात्यांची नावं अशी जागोजागी मिळतात. डोंगर फोडून लेणं कोरणाऱ्याचं नाव मात्र क्वचित सापडतं. म्हणून सह्याद्रीच्या पलीकडे, कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यातला छोटा लेख मला फार भारी वाटतो. कण्हाचा शिष्य बालक याने हे केलं, एवढंच त्यात म्हटलंय. कारागिराने आपलं नाव आणि आपल्या गुरूचं नाव दगडात घालून ठेवलं. दोन हजार वर्षांपूर्वी जे त्याला मिळालं, ते आजच्या चौकातल्या पुतळ्याच्या कोनशिलेवर शोधून बघा. अध्यक्ष, उद्घाटक, नगरसेवक, निधी देणारे, सगळे असतात. शिल्पकार बहुतेक वेळा नसतोच.

एक भव्य पुतळा की दरवर्षी दहा शिल्पं?

आता पैशांचं बोलू, कारण खरा मुद्दा तिथेच अडतो.

कलाकाराला मदत करायची म्हणजे काय? त्याच्याकडून एकदा एक वस्तू विकत घ्यायची, की त्याला दरवर्षी काम मिळेल अशी सोय करायची? आपली सरकारी पद्धत पहिल्या प्रकारची आहे. मोठ्या कामाचं टेंडर निघतं. टेंडरमध्ये अनुभवाची आणि उलाढालीची अट असते. नुकत्याच पास झालेल्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. काम मोठ्या एजन्सीला जातं आणि तो मुलगा तिथेच रोजंदारीवर माती मळतो.

मटेरियलचाही यात मोठा वाटा आहे. ब्राँझच्या पुतळ्याचा प्रवास बघा: आधी माती, मग साचा, मग मेण, मग ओतकाम. त्यातला बराच पैसा धातूला आणि फाउंड्रीला जातो, आणि फाउंड्री काही डिंभ्यात नाही. दगड, भाजलेली माती, फेरोसिमेंट, बांबू, भंगार लोखंड यांत काम केलं, तर वस्तू स्वस्त आणि मजुरी जास्त. म्हणजे तेवढेच पैसे हाताला जास्त मिळतात. सह्याद्रीचा काळा दगड तर दारातच आहे. आज त्यातला बराचसा क्रशरमध्ये जाऊन खडी होतो.

एक कच्चा हिशोब करू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे धरून बघा. समजा दरवर्षी १० कलाकार निवडले. प्रत्येकी तीन महिने, महिन्याला २५ हजार रुपये मानधन. झाले साडेसात लाख. प्रत्येकाला एक स्थानिक मदतनीस, महिन्याला १५ हजार. ते साडेचार लाख. दगड, वाहतूक, अवजारं, शेड आणि जेवण यासाठी आठ लाख. एकूण २० लाख. एखाद्या पुतळ्यासाठी पाच कोटी मंजूर झाले असं धरलं, तर तेवढ्या पैशात ही बाग २५ वर्षं चालते आणि २५० शिल्पं उभी राहतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे २५ वर्षं दर हिवाळ्यात २० जणांना काम मिळतं.

पाच कोटींचा आकडा जास्त वाटतोय? गुजरातमधल्या १८२ मीटर उंच स्टॅच्यू ऑफ युनिटीला सुमारे तीन हजार कोटी लागले. तो घडवणारे राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचे. खेड्यातला मुलगा कुठपर्यंत जाऊ शकतो, याचं ते उदाहरण. पण एका राम सुतारांमागे ज्यांना पहिली संधीच मिळाली नाही, ते किती असतील?

बाकीच्यांनी काय केलं?

१९५९ मध्ये ऑस्ट्रियात कार्ल प्रांटल नावाच्या शिल्पकाराने सांक्ट मार्गारेटेन गावातल्या दगडाच्या खाणीतच शिल्पकारांचं शिबिर भरवलं. कलाकारांनी तिथे राहायचं, तिथलाच दगड घडवायचा, लोकांनी येऊन बघायचं. पुढे ही पद्धत जगभर पसरली. डिंभ्यासाठी मला हेच मॉडेल सगळ्यात जवळचं वाटतं.

झिम्बाब्वेमधलं टेंगेनेंगे तर सिनेमाची स्टोरी वाटेल. १९६६ च्या सुमारास, तेव्हाच्या ऱ्होडेशियावर निर्बंध आले आणि तंबाखूचा बाजार बसला. टॉम ब्लोमफिल्ड नावाच्या तंबाखू शेतकऱ्याच्या जमिनीत सर्पेंटाइन नावाचा दगड होता. त्याने शेतमजुरांना दगड आणि अवजारं दिली. त्यातून शिल्पकारांचं गाव उभं राहिलं आणि तिथली शिल्पं जगभरच्या संग्रहालयांत गेली. आर्ट कॉलेजची डिग्री त्यातल्या बहुतेकांकडे नव्हती.

आपल्या देशात महाबलीपुरम बघा. तिथे १९५७ पासून शिल्पकलेचं सरकारी शिक्षण आहे, रस्त्याच्या कडेला दगड घडवणाऱ्यांच्या शेड आहेत आणि २०१७ मध्ये तिथल्या दगडी शिल्पांना जीआय टॅग मिळाला. जुनी मंदिरं बघायला येणारा पर्यटक जिवंत कारागिराकडूनही काहीतरी घेऊन जातो. आपल्याकडे शिवनेरी आणि लेण्याद्री बघून पर्यटक काय घेऊन जातो? बहुतेक चायनामेड कीचेन.

महाराष्ट्रात कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. सिमेंटमधली तीनशेच्या आसपास शिल्पं, बारा बलुतेदारांचं सगळं गाव. कॉलेजची ट्रिप तिथे गेली असेलच. तिकीट काढून लोक शिल्पं बघायला येतात, हे कणेरीने दाखवून दिलंय. जयपूरच्या नाहरगड किल्ल्यातल्या माधवेंद्र महालात डिसेंबर २०१७ मध्ये शिल्प उद्यान सुरू झालं, सरकार आणि खासगी संस्थेच्या भागीदारीतून. पण तिथली कामं मुख्यतः आधीच नावाजलेल्या समकालीन कलाकारांची. बघायला छान. राजस्थानातल्या एखाद्या खेड्यातल्या मुलाला त्यातून पहिलं काम मिळेलच असं नाही. डिंभ्यात आपल्याला तयार शिल्पांची गॅलरी करायची आहे की कामाची शेड, हे म्हणून आधीच ठरवलं पाहिजे. मी शेडच्या बाजूने आहे.

चंदीगडच्या रॉक गार्डनमधून एक धडाही घेण्यासारखा आहे. रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, टाइल्स आणि भंगारातून सरकारी जागेवर गुपचूप शिल्पनगरी वसवली. १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. पुढे तिच्यावर बुलडोझर चालवायची वेळ आली, तेव्हा लोकांनी मानवी साखळी करून ती वाचवली. लोकांना बाग आपली वाटली म्हणून ती टिकली, हे खरं. पण सगळ्यांचं नशीब नेकचंद यांच्यासारखं नसतं. जागेची कागदपत्रं पहिल्या दिवशीच साफ हवीत.

'आधी पाणी द्या, मग पुतळे!'

हा आक्षेप येणारच, आणि तो यायलाच हवा.

डिंभ्याचं पाणी कालव्यांनी पार लांबच्या तालुक्यांपर्यंत जातं. धरणाच्या वरच्या बाजूच्या आदिवासी गावांमध्ये मात्र उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण असते. ज्यांची घरं, जमिनी आणि देवळं पाण्याखाली गेली, त्यांच्यासमोर जाऊन 'आम्ही तुमच्यासाठी शिल्पं आणलीत' म्हणणं म्हणजे जखमेवर मीठच.

यावर माझं उत्तर दोन भागांत आहे. पहिलं, शिल्पबागेचा एकही रुपया पाणी, रस्ता, शाळा किंवा आदिवासी विकासाच्या निधीतून घेऊ नये. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना पाच टक्के अबंध निधी मिळतो, त्याला तर हातही लावू नये. पैसा यावा तो पर्यटनाच्या निधीतून आणि कंपन्यांच्या सीएसआरमधून. २०१३ च्या कंपनी कायद्यात सीएसआरच्या कामांच्या यादीत कला आणि वारसा हा विषय आहेच.

दुसरं, मालकी कुणाची हे पक्कं करावं. याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही, डिंभ्यातच ते मिळालेलं आहे. धरण झाल्यावर इथल्या विस्थापित महादेव कोळी समाजातल्या लोकांनी 'शाश्वत' संस्थेच्या साथीने जलाशयातल्या मासेमारीसाठी स्वतःची सहकारी संस्था उभी केली. ज्या पाण्याने जमीन घेतली, त्याच पाण्यातून पोट भरायची वाट काढली. या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. याच भागात पडकईची परंपरा आहे. एकमेकांच्या शेतात जाऊन सगळ्यांनी मिळून उतारावर बांध घालायचे, शेताचे तुकडे तयार करायचे. मिळून काम करणं इथे कुणाला शिकवावं लागत नाही. शिल्पबागही अशाच सहकारी संस्थेने चालवावी. तिकीट, पार्किंग, चहा-नाश्ता, गाइड आणि छोट्या शिल्पांची विक्री, सगळं तिच्या हातात.

जागेचंही बघून घ्यावं लागेल. धरणाच्या भिंतीजवळ सुरक्षेमुळे अशी बाग होऊ शकत नाही आणि होऊही नये. जलाशयाकाठच्या जमिनी जलसंपदा विभागाच्या. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर काही कुटुंबं पीक घेतात. ती जागा घेतली तर पुन्हा विस्थापनच झालं. पुढे भीमाशंकर अभयारण्याचा परिसर सुरू होतो, तिथे तर गर्दी वाढवूच नये. राहते ती रस्त्यालगतची, आधीच वापरातली किंवा पडीक सरकारी जागा. आणि पेसा कायद्याच्या भावनेनुसार पहिला शब्द ग्रामसभेचा. ग्रामसभा नाही म्हणाली, तर विषय तिथेच संपतो.

आदिवासी पुतळ्यात नको, छिन्नीमागे हवा

अशा बागांमध्ये एक ठरलेली चूक होते. धनुष्यबाण घेतलेला आदिवासी, डोक्यावर हंडा घेतलेली बाई, नाचणारी जोडपी, सगळं सिमेंटमध्ये रंगवून ठेवायचं. बनवणारा बाहेरचा, आणि ज्याचा पुतळा तो बाहेर पार्किंगमध्ये पावत्या फाडतोय.

हे टाळायचं तर 'स्थानिक कलाकार' या शब्दाची व्याख्या आधी लिहून काढावी लागेल. नाहीतर पुण्यातले, मुंबईतले ओळखीचे लोक येऊन शिबिर करून जातील. माझ्या मते दहापैकी निदान सहा जागा जुन्नर-आंबेगावच्या रहिवाशांना हव्यात. त्यात आर्ट कॉलेजला गेलेले असतील, तसे न गेलेलेही. गणपती घडवणारा, पाटा-वरवंट्याला टाकी लावणारा, मडकी करणारा, बांबूच्या टोपल्या विणणारा, वेल्डिंगच्या दुकानात ट्रॉलीचे सांगाडे जोडणारा. यातल्या प्रत्येकाच्या हातात शिल्प आहे, फक्त त्याला कुणी कलाकार म्हटलेलं नाही. उरलेल्या चार जागा बाहेरच्या कलाकारांना, म्हणजे दोन्हीकडून शिकणं होईल.

नाव मिळालं की काय होतं, याची उदाहरणं आपल्यासमोर आहेत. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी घराच्या भिंतीवरची वारली चित्रं कागदावर आणि कॅनव्हासवर नेली, जगभर पोचवली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. भोपाळच्या भारत भवनने जनगढसिंह श्याम या गोंड तरुणाला हेरलं आणि आज त्याच्या शैलीला 'जनगढ कलम' म्हणतात. दोन्ही ठिकाणी 'आदिवासी कला' या ढोबळ पाटीच्या जागी एका माणसाचं नाव लागलं आणि मागच्यांची वाट मोकळी झाली.

नाव ही फक्त मानाची गोष्ट नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार, काम विकल्यानंतरही ते आपलं आहे असं सांगायचा कलाकाराचा हक्क कायम राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं प्रचंड ब्राँझ म्युरल १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्युरलचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. आर्टच्या विद्यार्थ्यांनो, ही केस पाठच करून ठेवा. करार करताना कामाला येईल.

सहा अटी, आधीच लिहून घ्यायच्या

उद्या खरंच डिंभ्यासाठी असा प्रस्ताव आला, तर तो चांगला की नुसता फोटोपुरता, हे कसं ओळखायचं? या सहा गोष्टी तपासा.

१) ग्रामसभेचा ठराव आधी झालाय का, की भूमिपूजनानंतर सही घेतली?

२) कलाकारांना दरवर्षी काम मिळणार आहे का, की एकदाच खरेदी?

३) प्रत्येक शिल्पाखाली कलाकाराचं, त्याच्या गावाचं आणि मदतनिसाचं नाव असणार का? उद्घाटकाच्या पाटीपेक्षा हे अक्षर लहान नको.

४) तांत्रिक तपासणी कोण करणार? मालवणनंतर हा प्रश्न टाळता येणार नाही. तिथे कला संचालनालयाने सहा फुटी नमुन्याला मंजुरी दिली होती आणि पुतळा ३५ फुटी होणार हे कळवलंच नव्हतं, असं संचालनालयाकडून सांगण्यात आलं. त्यापेक्षा डिंभ्यात माणसाच्या उंचीच्या आसपासचीच शिल्पं असावीत. पडायची भीती कमी, खर्च कमी आणि शिकणाऱ्याला झेपणारं.

५) देखभालीचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलेत का? उद्घाटनाला निधी मिळतो, झाडू मारायला मिळत नाही. गंजलेल्या खेळण्यांच्या किती बागा आपण पाहिल्यात!

६) पावसाचं काय? या भागात पावसाळा जबरदस्त असतो. माती आणि लाकूड छपराखाली, दगड उघड्यावर, हे आराखड्यातच हवं.

या सहापैकी दोनची उत्तरंही नसतील, तर तो प्रस्ताव कलाकारांसाठी नाही असं खुशाल समजा.

मग आपण काय करायचं?

'हे सगळं सरकारने करावं' म्हणून पान उलटू नका. काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

जुन्नर, मंचर, घोडेगावच्या कॉलेजात शिकत असाल, तर एनएसएसच्या पुढच्या शिबिरात एक काम घ्या: आपल्या गावातल्या हाताने घडवणाऱ्यांची यादी. नाव, काय बनवतात, कुणाकडून शिकले, आता काम मिळतं का. त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीनेच. उद्या कुणी 'इथे कलाकारच नाहीत' म्हणालं, तर ही यादी टेबलावर ठेवता येईल. गावाच्या वेशीवरचे, शेताच्या बांधावरचे वीरगळ दिसले तर त्यांचे फोटो आणि जागा नोंदवा. तेही याच मातीतल्या शिल्पकारांचं काम आहे.

आर्ट कॉलेजला असाल, तर वर्षाअखेरचं काम गॅलरीऐवजी एखाद्या गावात करता येईल का, हे सरांना, मॅडमना विचारा. इंजिनीअरिंगवाल्यांनो, पाया आणि वाऱ्याचा दाब यांचं गणित तुम्हालाच येतं, आणि शिल्पकाराला त्याची गरज असते. कॉमर्सवाल्यांनो, सहकारी संस्थेचा हिशोब कुणीतरी लिहावाच लागणार आहे. आणि माझ्यासारख्या मास कॉमच्या मंडळींनी पुतळ्याची बातमी करताना एक सवय लावून घेऊ: पहिल्या दोन परिच्छेदांत शिल्पकाराचं नाव. ते कोसळल्यावर नाही, अनावरणाच्या दिवशीच.

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' असं आपण एकमेकांना ऐकवत असतो. त्यात कौतुक सगळं दगडाचं असतं. टाकी मारणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी किती मिळाली, हेही एकदा विचारायला काय हरकत आहे? डिंभ्यापासून सुरुवात करू. पुढच्या ग्रामसभेला जायचं असेल, तर वरच्या सहा अटी वहीत उतरवून घ्या.